रात्री बेल वाजल्यावर कोण येतं

पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

चि. नीरज यास,
आईचे अनेक आशीर्वाद. केतकीलाही आशीर्वाद आणि ईराला गोड पापा.

तू पाठवलेला दोन वृद्धाश्रमांच्या तुलनेचा तक्ता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि तो पिशवीत घालूनच दोन्ही ठिकाणी राहून आलो. फोनवर तुझी जेवणाची सुट्टी संपते आणि माझं अर्धं सांगायचं राहतं, म्हणून हे पत्र. शेजारची मुलगी फोटो काढून तुला पाठवेल. घाईत वाचू नकोस.

तुझ्या तक्त्यात पहिल्या ठिकाणाला शंभरपैकी ८६ गुण आहेत, दुसऱ्याला ६१. दोन्हीकडे चार-चार रात्री काढल्यावर माझं मत नेमकं उलटं झालं आहे.

आधी एक गोष्ट, जी मी तुला पूर्ण सांगितली नव्हती. ऋषिपंचमीच्या पहाटे बाबा बाथरूममध्ये पडले, एवढंच तुला कळवलं होतं. पार्किन्सनमध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि वळताना तर फारच. ते वळतानाच पडले. एकतीस वर्षं ससून हॉस्पिटलात नर्स म्हणून मी माणसं उचलली आहेत रे. कसं उचलायचं ते हातांना पाठ आहे. पण त्या दिवशी त्यांच्या काखेत हात घातले आणि माझा गुडघाच उभा राहीना. वॉचमन वर येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. बाबा काही बोलले नाहीत, माझ्या पदराचं टोक तेवढं धरून होते. त्या वीस मिनिटांत मी ठरवलं. तू सुचवलंस म्हणून नाही, आणि तू मेलबर्नला आहेस म्हणूनही नाही. तू खालच्या मजल्यावर राहत असतास तरी दिवसाचे चोवीस तास कुणी एकजण हे करू शकत नाही, हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे. आत्यांना मी हे त्याच शब्दांत सांगितलं. त्या 'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारताना आवाज खाली घेतात. मी घेत नाही.

आता ते पहिलं ठिकाण. तुझ्या तक्त्यात त्याला पोहण्याच्या तलावाचे, छोट्या थिएटरचे, जिमचे, लायब्ररीचे गुण मिळाले आहेत. चार दिवसांत तलावात मी एकालाही उतरताना पाहिलं नाही. लायब्ररीला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसात. लोक खरं कुठे बसतात म्हणशील, तर फाटकाजवळच्या दोन बाकांवर, कारण तिथून रस्ता दिसतो. बाबांना हल्ली सलग चाळीस पावलं चालवतं, मग बसावं लागतं. त्यामुळे मी त्यांच्या बागेच्या वाटेवर बाकं मोजली. दोन बाकांमधे कुठेही शंभराच्या वर पावलं आहेत. आमच्या दृष्टीने ती बाग नसल्यासारखीच.

बांधकाम मात्र चांगलं आहे, तो गुण मी काढून घेत नाही. २०२४ साली महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले, ते तूच मला पाठवले होतेस. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, न घसरणारी फरशी, धरायला दांडे, जाण्यायेण्याच्या वाटेत पायरी नको, स्वयंपाकघरात गॅसगळती सांगणारं यंत्र. मी टेप घेऊनच गेले होते. तिथे सगळं बसतं. दार बाहेर का उघडायला हवं, हे त्या ऑफिसातल्या मुलाला सांगता आलं नाही, म्हणून मीच सांगितलं: आत माणूस पडला आणि दाराला टेकला, तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. हे नियम महत्त्वाचेच आहेत. पण ते इमारतीबद्दल बोलतात. रात्रपाळीला किती माणसं हवीत, हे त्यात लिहिलेलं नाही. ते आपल्यालाच पाहायचं आहे.

आणि ते रात्रीच पाहायचं असतं. दिवसा साहेब असतात, डॉक्टरांची फेरी असते, नातेवाईक असतात. वॉर्डाचं खरं रूप रात्री दोन ते चारमध्ये दिसतं. दुसऱ्या रात्री मी घड्याळ उशाशी ठेवलं आणि दोन वाजून दहा मिनिटांनी बेल दाबली. अकरा मिनिटांनी दारावर टकटक झाली. आला तो सिक्युरिटीचा माणूस, हातात टॉर्च. बिचारा पलीकडच्या इमारतीतून पळत आला होता. "मॅडम, मावशी एकच आहेत, त्या वरच्या मजल्यावर एकांना बदलतायत," म्हणाला. सिस्टर रात्री नसतातच, फोनवर असतात. माहितीपत्रकात ४० रहिवाशांना २४ कर्मचारी असं छापलंय आणि तू त्यावरून गुणोत्तर काढलंस. त्या चोवीसमध्ये माळी आहेत, स्वयंपाकघर आहे, ड्रायव्हर, वॉचमन, ऑफिस, सगळे आहेत. प्रत्यक्ष अंगाला हात लावून काम करणारे मी मोजले: दिवसा पाच मावशी-मामा आणि एक सिस्टर, रात्री एक मावशी.

तू मागे सांगितलं होतंस ना, की तुमच्याकडे १ जुलै २०२३ पासून केअर होममध्ये चोवीस तास नोंदणीकृत नर्स ठेवावीच लागते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून माणशी रोज सरासरी २१५ मिनिटं देखभाल ठरलेली आहे, त्यातली ४४ नर्सची. तो हिशोब मला फार पटला. मग मी वहीत मांडला. पाळ्या बारा तासांच्या आहेत. पहिल्या ठिकाणी सात माणसांचे ८४ तास, चाळीस जणांत वाटले की १२६ मिनिटं येतात. त्यातून त्यांचं जेवण आणि चहाही वजा करायला हवा.

दुसऱ्या ठिकाणच्या देखभाल विभागात २६ रहिवासी आहेत. दिवसा तीन मावशी आणि एक सिस्टर, रात्री दोन मावशी आणि एक सिस्टर. तोच हिशोब केला की जवळजवळ १९४ मिनिटं. तुमच्या आकड्याला पोहोचत नाही, पण या दोघांमधलं अंतर बघ. तिथेही मी दोन वाजता बेल दाबली. तीन मिनिटांत एक मुलगी आली, बावीस-तेवीस वर्षांची. आल्याबरोबर तिने आधी बाबांकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. "काकांना वळवायचंय का?" हे तिने विचारलं. हा प्रश्न शिकवून येत नाही, किंवा फार चांगलं शिकवलेलं असावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलले. नंदुरबारकडची आहे, एएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स केलाय, इथे अडीच वर्षं आहे. मी तिथल्या प्रत्येकीला हेच विचारत फिरले: किती दिवस झाले? सर्वांत जुनी मावशी सात वर्षांची, नवीन चार महिन्यांची. पहिल्या ठिकाणी एक वर्षाच्या वर कुणीच टिकलेलं नव्हतं. त्या सगळ्या माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून येतात आणि ब्युरो हलवेल तिकडे जातात. बाबांना जेवताना पाण्याचा घोट कधी द्यायचा आणि कधी थांबायचं, हे समजायला माणसाला महिनाभर तरी लागतो. दर दोन महिन्यांनी माणूस बदललं तर ते कुणालाच कळणार नाही.

गोळ्यांचं सांगते, कारण मला याचीच सर्वांत जास्त काळजी आहे. बाबांची पार्किन्सनची गोळी, सिंडोपा, सहा, दहा, दोन आणि सहाला असते, जेवणाच्या अर्धा तास तरी आधी. वरण, दही, पनीर यांच्याबरोबर ती गेली की नीट लागू होत नाही. पहिल्या ठिकाणी सगळ्यांच्या गोळ्या जेवणाच्या ताटाबरोबर येतात, एका ट्रेमध्ये. मी वेळेचं सांगितलं तर उत्तर मिळालं, "आमची सिस्टिम अशीच आहे." त्या दुपारी बाबा अडीचपासून साडेचारपर्यंत खुर्चीतून उठू शकले नाहीत. चेहरा लाकडासारखा. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरने वेळा विचारून घेतल्या, वेगळ्या कागदावर लिहिल्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. चार दिवसांत एकदाच, एका दुपारी, वीस मिनिटं उशीर झाला. तो तिने स्वतः येऊन सांगितला.

आणखी एक गोष्ट पाहिली आणि मन उडालं. पहिल्या ठिकाणी एक आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मी गप्पा मारायला म्हणून जाऊन बसले. भिंतीवर कूस बदलल्याचा चार्ट होता, दर दोन तासांचा. तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि चार्टवर रात्री आठपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या, एकाच पेनाने. चादर बाजूला करून मी त्यांच्या टाचा पाहिल्या. डावी टाच लाल होती, दाबल्यावर पांढरी होत नव्हती. म्हणजे जखमेची सुरुवात. मी इनचार्जना सांगितलं, टाचेखाली उशी लावून घेतली आणि माझ्यासमोर त्यांच्या मुलीला फोन करायला लावला. ती रात्र मला झोप आली नाही.

दुसरं ठिकाण परिपूर्ण आहे असं समजू नकोस. लिफ्ट लहान आहे, व्हीलचेअर जाते पण स्ट्रेचर तिरकं करावं लागतं. बाथरूमचं दार आत उघडतं. ते आपल्या खर्चाने बदलून द्यायला तयार आहेत, मी लिहून घेणार आहे. जेवण बेताचं, भाजीत तिखट जास्त आणि रात्रीचं ताट सातलाच येतं. मोठं हॉस्पिटल गाडीने पस्तीस मिनिटांवर. त्यांची स्वतःची गाडी आहे, शिवाय १०८ आहेच, पण पस्तीस मिनिटं म्हणजे पस्तीस मिनिटं. आणि त्या मुली बारा तास काम करतात, महिन्याला चारच सुट्ट्या. मला ते आवडलेलं नाही. दमलेल्या हातांनी चूक होते, हे मी स्वतःच्या रात्रपाळ्यांवरून सांगते. मॅनेजरबाईंना मी म्हटलं, रजेसाठी जादा माणसं धरल्याशिवाय कुठलाच वॉर्ड चालत नाही, नर्सिंग कौन्सिल तीस टक्के धरतं, तुम्ही किती धरता? त्यांनी खोटं सांगितलं नाही. "एक," म्हणाल्या. या प्रश्नावर मी पुन्हा त्यांच्याशी बोलणार आहे.

करारनामा तू वकिलाला दाखव, पण तीन कलमांवर माझ्या खुणा आहेत. पहिल्या ठिकाणच्या करारात लिहिलंय की रहिवासी 'स्वतंत्र राहण्यास अयोग्य' झाला तर तीस दिवसांत खोली सोडायची, आणि अयोग्य कोण ते व्यवस्थापन ठरवणार. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण पैसे भरतोय त्याच दिवशी बाहेर. दुसऱ्या ठिकाणी तसं नाही, बाबांना विसराळूपणा वाढला तर त्याच विभागात ठेवतात, फक्त दर बदलतो. तो दर आजच लिहून हवा. आम्हा दोघांपैकी एक राहिलं तर ठेवीचं आणि खोलीचं काय, तेही लिहून हवं. हे वाचताना थांबू नकोस, मी ते शांतपणे विचारून आले आहे. आणि तिसरं, हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार आणि तू फोन उचलेपर्यंत सही कोण करणार. तिथे माझ्या भाच्याचं नाव द्यायचं ठरवलंय, त्याने होकार दिलाय.

सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड आम्ही दोघांनी डिसेंबरातच काढलं. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. मावशींच्या पगाराला आणि इथल्या महिन्याच्या खर्चाला त्याचा उपयोग नाही, तेव्हा तुझ्या हिशोबातली ती ओळ काढून टाक. माझं पेन्शन आणि बाबांच्या ठेवींचं व्याज मिळून महिन्याचा खर्च निघतो, तू फक्त सुरुवातीच्या ठेवीला हातभार लाव. घर विकायचं नाही. भाड्यानेही इतक्यात द्यायचं नाही. पहिले सहा महिने मला परतीचा दरवाजा उघडा हवा.

आमच्या लिव्हिंग विलची, म्हणजे शेवटच्या आजारपणात कुठले उपचार नकोत ते लिहून ठेवलेल्या कागदाची, एक प्रत तिथे द्यायची आहे. दोन साक्षीदार झाले, नोटरीकडे पुढच्या आठवड्यात जातोय. बाबांना व्हेंटिलेटर नको आहे. त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट सांगितलं, त्यांचं बोलणं हल्ली किती अस्पष्ट झालंय तरीही.

तू एप्रिलमध्ये येणार आहेस, तोवर कुठेही टोकन भरू नकोस, पहिल्या ठिकाणच्या त्या मुलाचे कितीही फोन आले तरी. आलास की दुसऱ्या ठिकाणच्या पाहुण्यांच्या खोलीत एक रात्र एकटा राहा, आधी न कळवता. पाळी बदलायच्या आसपास व्हरांड्यात फेरी मार आणि वास घे. एखाद्या मावशीला तिच्या गावाबद्दल विचार. बाबांना विचारलं, तुम्हाला कुठलं आवडलं? तर म्हणाले, "जिथे ती मुलगी होती." मी म्हटलं, ती उद्या लग्न करून गेली तर? त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "तिने दुसरीला शिकवलं असेल." ते तसं आहे का, हे मला अजून कळायचं आहे. म्हणून महिन्याअखेरीस आम्ही आणखी आठ दिवस जाऊन राहणार आहोत.

दोन वाजत आले, बाबांची गोळी द्यायची आहे. बाकी रविवारी बोलू.

तुझी,
आई