माळ्यावरचा संच थेट प्लगला लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईत इंदूरच्या घराघरांत माळे रिकामे होतात आणि व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ, कॅसेट रेकॉर्डर, १९८०च्या दशकातले घरगुती संगणक खाली येतात. "चालतो का बघू" म्हणत कुणीतरी वायर सरळ प्लगमध्ये खुपसतो, धूर निघतो आणि संच कचरा गाडीच्या ई-कचऱ्याच्या डब्यात नाहीतर अटालेवाल्याकडे (भंगारवाल्याकडे) जातो. ई-कचरा वेगळा देण्याची आपल्या शहराची सवय उत्तमच आहे. पण यातले कितीतरी संच माळ्यावर धडधाकट होते, घात त्या पहिल्या काही मिनिटांत झाला. म्हणून हे पत्र.

व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी आधी सिरीज बोर्ड करा: ६० वॉटचा तारेचा जुना बल्ब फेजच्या वायरीत मालिकेत जोडायचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. रेडिओ लावल्यावर बल्ब उजळून मंद झाला तर ठीक, लखलखीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने फिल्टर कंडेन्सरमधला (वीज साठवून डीसी सपाट करणाऱ्या भागातला) ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. पूर्ण २३० व्होल्ट एकदम दिले तर तो फाटतो, बल्बमागून हळू दिले तर पुष्कळदा पुन्हा तयार होतो. आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या जागी, ईएल ८४ हा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या २ नंबरच्या पिनवर चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) मानाने शून्य व्होल्ट हवेत. तिथे पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसले तर आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर (फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) बहुधा गळतो आहे. तो ६३० व्होल्टचा नवा घाला, नाहीतर व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊन तो जाईल. आणि एक जिवाची गोष्ट: व्हॉल्व्हची नावे 'यू'ने सुरू होत असतील, उदाहरणार्थ यूएल ८४, तर चॅसिस थेट मेन्सला (घरच्या विजेला) जोडलेले असू शकते. अशा संचाला जाणत्या मेकॅनिकशिवाय हात लावू नये.

बीबीसी मायक्रो हे संगणक केंद्र सरकारच्या १९८४च्या 'क्लास' या संगणक-साक्षरता योजनेतून शाळांत आले. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या दोन तारांमध्ये पिवळसर पारदर्शक कवचाचे दोन चौकोनी कंडेन्सर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. आत कागद असतो. कवचाला केसासारख्या भेगा पडतात, पावसाळी दमट हवा आत शिरते आणि वीज मिळाल्यावर काही वेळाने तपकिरी, उग्र वासाचा धूर निघतो. घाबरून संगणक फेकू नका, तो बहुतेक वेळा शाबूत असतो. दोन्ही कंडेन्सर बदला, पण एक्स-टू वर्गाचे (मेन्सवर सुरक्षित ठरवलेले), २७५ व्होल्ट एसीचेच घ्या. साधा कंडेन्सर बिघडला की शॉर्ट होऊन आग लावू शकतो. सप्लाय उघडण्याआधी प्लग काढून थांबा आणि उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी मोठ्या कंडेन्सरवर मल्टिमीटर लावून पाहा, तिथे ३२० व्होल्टच्या आसपास साठा राहिलेला असू शकतो.

सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा घात वेगळा. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि अ‍ॅडॅप्टरच्या पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह असतो. आजच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांत तो पॉझिटिव्ह असतो. उलटा लावला की आतला व्होल्टेज बनवणारा भाग जातो आणि त्याच्यासोबत ४११६ या मेमरी चिपाही जाऊ शकतात, कारण त्यांना अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन व्होल्टेज लागतात. मूळ अ‍ॅडॅप्टर संगणकाला न जोडता मोजला तर १२-१४ व्होल्ट दाखवतो, तो दोष नाही.

२८६-३८६ या जुन्या पीसींच्या मदरबोर्डवरची ३.६ व्होल्टची नळकांडी बॅटरी मात्र संच लावायचा नसला तरी आजच कापून काढा. ती गळून आजूबाजूचे तांबे हिरवे करून खाते. गळती अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, असते, म्हणून आधी कापसाच्या काडीने पांढरे व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बॅटरीत कॅडमियम आहे, ती ई-कचऱ्यातच द्या.

स्पेक्ट्रमसारख्या संगणकांचे प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असतात. त्या कॅसेटी फेकू नका, पण जुन्या रेकॉर्डरमध्ये लगेच घालूही नका. आतला रबरी बेल्ट डांबरासारखा वितळलेला असतो, टेप गुंडाळून बसते. बेल्ट बदला, हेड (टेप वाचणारा भाग) आणि रबरी रोलर अल्कोहोलने पुसा, हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबा. मग आवाज संगणकावर ४४,१०० हर्ट्झला, मोनोमध्ये, डब्ल्यूएव्ही म्हणून उतरवा. एमपी-थ्रीत लहरींच्या कडा बोथट होऊ शकतात. तो आवाज स्पेक्ट्रममध्ये सोडल्यावर पडद्याच्या काठावर आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले, तर टेप जिवंत आहे.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर