थर्मामीटर परत करायला आलेल्या बाईकडून

बोहरी आळीतल्या बेकरी सामानाच्या दुकानात वजनकाट्याशेजारी बसणारे दादा यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. बिलावर एक सही आहे, पण तिच्यातून कुठलंही नाव वाचता येतं. मी कोण, ते मात्र तुमच्या लगेच लक्षात येईल. फेब्रुवारीत चार गिऱ्हाइकांसमोर ‘बिघडलेला थर्मामीटर गळ्यात मारलात’ म्हणून आवाज चढवणारी बाई, ती मी.

माझं म्हणणं असं होतं की, पाणी खळाखळा उकळतंय, वाफेनं झाकण उडतंय आणि आकडा ९८ च्या पुढे सरकत नाही. शाळेत शिकलोय ना आपण, पाणी शंभरला उकळतं. तुम्ही थर्मामीटर उलटासुलटा करून पाहिलात आणि विचारलंत, “ताई, राहायला कुठं?”

“सिंहगड रोड.”

“मग बरोबर दाखवतोय. मुंबईला नेलात तर शंभर दाखवेल.”

मागचं गिऱ्हाईक हसलं. मला वाटलं, झाली पुणेरी टिंगल सुरू. पण तुम्ही शांतपणे सांगितलंत की पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी इथं दोन अंश आधीच उकळतं. आणि रेसिपीत पाकाचा जो आकडा असेल, त्यातूनही दोन वजा करायचे. थर्मामीटर परत पिशवीत घातलात, बिलाला टाचणी लावलीत आणि मग विचारलंत, “पण करताय काय?” त्या दिवशी मी नीट आभारही मानले नाहीत. ते आता मानते आहे, सगळ्यांदेखत. ओरडलेही सगळ्यांदेखतच होते.

करत होते चोको पाय, म्हणजे दोन बिस्किटांत मार्शमेलोचा फुगीर, गोड थर आणि वरून चॉकलेटचं आवरण. अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. हे मी तुम्हाला तेव्हा अर्धवटच सांगितलं होतं.

अण्णा शहात्तर वर्षांचे. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि गुडघे साथ देत होते तोवर वारी चुकवली नाही. नातवाच्या डब्यातला चोको पाय एकदा अर्धा खाल्ला आणि तेव्हापासून चारच्या चहाबरोबर तो लागायचाच. एकादशी सोडून. मग कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं की, मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढतात. आता मार्शमेलोत सहसा जिलेटिन असतं, ही गोष्ट खरी. पण आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका होता. तो मी त्यांना भिंगातून दाखवला. ते म्हणाले, “ठिपका छापायला काय लागतं?” झालं. उरलेलं पाकीट कामवाल्या मावशींच्या मुलांना गेलं. अण्णा त्याबद्दल पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत, फक्त चारचा चहा नुसता प्यायला लागले. त्यांनी कुरकुर केली असती तर मी बहुधा लक्ष दिलं नसतं.

म्हणून ठरवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं. जिलेटिन नाही, त्याऐवजी समुद्री शेवाळापासून काढतात ते चायना ग्रास. अंडंही नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि माझ्या पिशवीतली अंड्याच्या पांढऱ्याची पर्यायी पावडर काढून पुन्हा फळीवर ठेवलीत. मला अजून तो क्षण आठवतो. साडेतीनशेची वस्तू होती. “कटाची आमटी करता ना? मग कट काय ते माहितीय. काबुली चणे मीठ न घालता शिजवा, ते पाणी आटवा, बोटाला अंड्याच्या बलकासारखं… नाही, पांढऱ्यासारखं बुळबुळीत लागलं पाहिजे. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी फेटा.” पुढे मी वाचलं की, ही युक्ती २०१४ मध्ये जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच माणसाने जगाला सांगितली. अण्णांना ते सांगितलं तर म्हणाले, कटाची किंमत कळायला त्यांना २०१४ उजाडलं.

तो कट फेटताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझाच विश्वास बसेना. आधी साबणाच्या पाण्यासारखा पिवळट फेस. त्यात फेस टिकावा म्हणून चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर, ती आंबट पांढरी पावडर. तीन-चार मिनिटांनी तो पांढरा होतो, सातव्या-आठव्या मिनिटाला बीटर उचलला की शेंडी उभी राहते. भांडं अण्णांच्या डोक्यावर उलटं धरायचा मोह झाला होता, आवरला.

पण पहिला घाणा फसला, आणि तो फसला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. बिलावरच्या नंबरावर फोन लावला. मागून शटर ओढल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं की, चायना ग्रास घातलेला पाक १०८ ला उतरवला, म्हणजे तुमच्या हिशेबानं ११० चा, धार धरून फेसात ओतला, छान फुगलं, आणि मग एकदम नासलं. भांड्यात खरवस मोडल्यासारखे तुकडे.

तुम्ही एकच विचारलंत. “थंड होईस्तोवर फेटलंत ना?”

हो, रेसिपीत तसंच होतं. कोमट होईपर्यंत दहा-बारा मिनिटं.

“ती जिलेटिनची रेसिपी. जिलेटिन निवांत गोठतं. चायना ग्रास चाळीसच्या आसपासच बसतं, तुमच्या बीटरसाठी थांबत नाही. ते बसत असताना तुम्ही मोडत होतात. पाक पडला की दोन मिनिटं, भांडं बाहेरून चांगलं गरम असतानाच बिस्किटावर पिळायच्या पिशवीत. आणि पिशवी, बिस्किटं, सगळं आधी मांडून ठेवा, मग गॅस पेटवा.” मी विचारलं, हेच पुन्हा गरम करून वापरता येईल का. तुम्ही म्हणालात की, चायना ग्रास वितळायला पंचाऐंशी लागतात, तोवर सगळा फेस बसेल. “खाऊन टाका,” म्हणालात आणि फोन ठेवलात. अण्णांनी ते चमच्यानं खाल्लं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला करायचं असेल तर माझं प्रमाण इथेच सांगते: आटवलेला कट १०० ग्रॅम, साखर २००, लिक्विड ग्लुकोज ४०, पाणी ८० मिली, चायना ग्रासची पावडर ६ ग्रॅम. चायना ग्रास आधी पाण्यात उकळून पूर्ण विरघळवायचं, मग साखर आणि ग्लुकोज. ग्लुकोजमुळे पाक साखरत नाही. आणि आईसारखी चिमटीत तार बघू नका. मी बघितली, पण चायना ग्रासमुळे पाक आधीपासूनच चिकट लागतो, तारेवरून काही कळत नाही. बिस्किटाबद्दल काय सांगायचं, निम्मी कणीक निम्मा मैदा, लोणी, थोडी गूळ पावडर, वाटीनं गोल कापून भाजायची. तो भाग कुणालाही जमतो.

चॉकलेटच्या वेळी मात्र मी हटून बसले होते. मला कुव्हर्चर, म्हणजे कोको बटरवालं अस्सल चॉकलेट हवं होतं, कारण व्हिडिओत तेच होतं. तुम्ही विचारलंत, घरात एसी आहे का. नाही. मग तुम्ही काउंटरवर बोट टेकवून हिशेब मांडलात: आधी पंचेचाळीसला वितळवा, सत्तावीसवर आणा, पुन्हा एकतीसवर न्या, आणि बाहेर उन्हाळा लागतोय. “पहिल्या वेळी कंपाऊंड घ्या. त्यात कोको बटर नसतं, दुसरी वनस्पती चरबी असते, टेम्परिंगची, म्हणजे या गरम-गार करण्याची भानगड नाही. चव जरा कमी, पण तुमचे अण्णा खातील.” अर्ध्या किमतीची लादी दिलीत. वर बजावलंत की, पातळ करायचं तर चमचाभर तेल घाला, पाण्याचा थेंब नको, चॉकलेट गच्च होऊन बसेल. डिपिंग फोर्क मागितला तर म्हणालात, “प्लॅस्टिकच्या काट्याचे मधले दोन दात मोडा.”

दादा, तुम्ही दुकान चालवता कसं, हा प्रश्न मला खरंच पडला आहे.

मोडलेल्या काट्यावर बिस्किट तोलून बुडवायचं, काटा भांड्याच्या काठावर हलकेच आपटायचा, बूड काठाला पुसून घ्यायचं, नाहीतर खाली चॉकलेटचं थारोळं साचून पाय फुटतो. पहिल्या चारांना फुटले. पाचवा असा गुळगुळीत उतरला की मी त्याचा फोटो काढेपर्यंत सहावा भांड्यात बुडाला.

त्या दुपारी अण्णांनी एक चावला आणि म्हणाले, “कडक आहे.” माझं तोंड पडलं. तुम्ही ‘आज करून उद्या खायचं’ म्हणाला होतात, ते मी विसरले होते. रात्रभरात मार्शमेलोतली ओल बिस्किटात उतरते आणि वरचं चॉकलेट तिला बाहेर जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. द्वादशीला उपवास सुटल्यावर चारच्या चहाला त्यांनी बशीत एक घेतला, बोटानं दाबून पाहिला आणि न बोलता अख्खा खाल्ला. मग विचारलं, “हे मुळात कुणाचं?”

मी वाचून दाखवलं. अमेरिकेत टेनेसीत चॅटनूगा म्हणून गाव आहे, तिथल्या बेकरीचा मूनपाय १९१७ पासूनचा. सांगतात असं की, बेकरीच्या फिरत्या विक्रेत्यानं कोळसा खाणीतल्या कामगारांना विचारलं, काय हवं. ते म्हणाले, डब्यात टिकेल, पोट भरेल असं काहीतरी. केवढं, तर एकानं हातांनी चंद्राएवढा गोल करून दाखवला. पुढे कोरियात १९७४ मध्ये चोको पाय आला आणि तिथून ते नाव आपल्याकडे पोचलं. अण्णांना कोरियाचं काही वाटलं नाही. खाण कामगारांपाशी थांबले. फॅक्टरीत त्यांचा डबा सकाळी सहाला भरलेला असायचा आणि दुपारी एकला उघडायचा. “बरोबर आहे,” म्हणाले, “डब्यात पोळी वाळते. हे उलट मऊ होतं.”

आता दर दुसऱ्या रविवारी घाणा असतो. चणे अण्णा स्वतः भिजत घालतात आणि कट गाळताना कुणाला हात लावू देत नाहीत. छोले आम्ही इतके खातो आहोत की मुलगा वैतागला आहे.

मंगळवारी ग्लुकोज न्यायला येते आहे, तेव्हा डबा आणीन. सहा आहेत. रविवारी केलेले आहेत, म्हणजे नीट मुरलेले. दोघांचे पाय फुटलेत, ते मुद्दाम तळाशी ठेवते.

आपली,
सिंहगड रोडवरची गिऱ्हाईक