कासव नोंदवही: रविवारपर्यंत नोंदी तपासून द्या

सर्व किनारा-सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता समाजमंदिरात वेळास, आंजर्ले आणि केळशीच्या घरट्यांच्या नोंदी एकत्र करायच्या आहेत. प्रत्येक किनाऱ्यावरून एकाने तरी मूळ वही घेऊन यावं. नुसता फोटो चालणार नाही, ओल्या पानावरचा १ आणि ७ त्यात ओळखू येत नाही.

त्याआधी एवढं तपासा:

– तारीख २०२५-०२-०३ अशीच, आधी वर्ष. ०३/०२ लिहिलं की संगणक कधी ३ फेब्रुवारी धरतो, कधी २ मार्च. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात, त्यामुळे महिनाभराची चूक झाली तर घरट्यावरची जाळी काढायचा दिवसच हुकतो.
– अक्षांश १७-१८ च्या आसपास, रेखांश ७३ च्या आसपास, दोन्ही दशांशात. अदलाबदल झाली की घरटं थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतं.
– गस्त झाली पण घरटं नाही, तर ०. गस्तच झाली नाही, तर रकाना रिकामा. या दोन्हींत गल्लत झाली की वर्षांची तुलनाच खोटी ठरते.
– घरटं हॅचरीत (अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणात) हलवलं तरी क्रमांक जुनाच. नवा दिला की एकाची दोन घरटी मोजली जातात.

मूळ फाइलमध्ये कोणीही परस्पर दुरुस्ती करू नये. चूक दिसली तर शेऱ्यात लिहा.