८.१२ च्या लोकलचा फलाट ऐनवेळी बदलण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
उपनगरीय रेल्वे, मुंबई

महोदय,

गेली १९ वर्षं मी पास काढून मुंबईच्या लोकलने प्रवास करते. गाडी दहा मिनिटं उशिरा आली म्हणून पत्र लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचतं, कधी ओव्हरहेड वायर तुटते, समजतं आम्हाला.

आमच्या स्टेशनात ८.१२ ची धीमी लोकल एक नंबरला लागते. इंडिकेटरही तेच दाखवतो. या महिन्यात ती चारदा तीन नंबरला आली आणि चारही वेळा आम्हाला ते गाडी दिसल्यावर कळलं. घोषणा आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मंगळवारी हिंदी संपेपर्यंत गाडी फलाटाला लागलीसुद्धा होती.

मग सगळे पुलाकडे धावतात. आमच्या टोकाला जिना एकच, सरकता जिना दिवाळीपासून ‘दुरुस्तीसाठी बंद’, आणि तीन नंबरला उतरलेली माणसं समोरून येतात. मंगळवारी माझ्यापुढे एक आजी कठडा धरून जागच्या जागी थिजल्या. मागून लोटणाऱ्यांना त्या दिसतच नव्हत्या. त्यांना आडोसा द्यायला गेले तर माझी पिशवी खांद्यावरून सुटली, डबा उघडला, पोळ्या पायऱ्यांवर. लोक त्या तुडवत गेले. गाडी अर्थातच गेली. ऑफिसात लेटमार्क लागला तो वेगळाच.

२९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पुलाच्या जिन्यावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. पुढे तिथे लष्कराने नवा पूल बांधला. आम्ही पूल मागत नाही. फलाट कोणता, तेवढं वेळेत सांगा.

स्टेशनात विचारलं की उत्तर ठरलेलं, “आम्हालाच आयत्या वेळी कळतं.” रेल्वेतलं मला फार कळत नाही, पण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर उडी मारून येत नाही. आधी सांधे बदलावे लागतात, मग सिग्नल मिळतो. म्हणजे ती तीनवर येणार हे कुणाला तरी आमच्या आधी ठाऊक असतं. त्याने ते घोषणा करणाऱ्याला त्याच क्षणी का कळवू नये? आणि कळवायला उशीर झालाच, तर गार्डला सांगून गाडी एक मिनिट जास्त थांबवावी. एरवी ती जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात पूल ओलांडणं तरण्याताठ्यालाही जमत नाही.

हेल्पलाइनवर मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला. दुसरा आला तेव्हा मी त्याच जिन्यावर होते.

दोन्ही तक्रारींचे क्रमांक, चारही तारखा आणि बंद जिन्याचा फोटो सोबत जोडला आहे. उत्तर लेखी हवं आहे, मेसेज नको.

आपली,
एक पासधारक प्रवासी