आधी सोफे हटवा!

मा. संपादक, स.न.वि.वि.

नाशिकच्या एखाद्या उद्यानात मोफत स्टँड-अप कॉमेडी महोत्सव व्हावा, असं अलीकडे बऱ्याच तरुणांकडून ऐकतो. जरूर व्हावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९८१ पासून असा विनाशुल्क 'कॉमेडी डे' भरतो. अर्थात एवढं लांब जायला नको. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला नाशिककर उघड्यावर बसून भाषणं ऐकतातच. विनोद का नाही ऐकणार?

पण माझा धंदा मंडप-साउंडचा, त्यामुळे एक धास्ती आहे. नाट्यगृहात हशा छताला, भिंतींना आपटून कलाकारापर्यंत परत येतो. मैदानात तो वरच्यावर विरून जातो. बिचाऱ्याला वाटतं विनोद पडला. मग तो घाई करतो आणि पुढचा पंच आधीच्या हशाखाली दबतो. यावर इलाज एकच, माणसं स्टेजला खेटून आणि एकमेकांना चिकटून बसवायची. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. पाच फूट उंच स्टेज, समोर मोकळी जागा, मग मान्यवरांचे पांढरे कव्हर घातलेले सोफे, त्यामागे बांबूचं बॅरिकेड आणि त्याच्याही मागे हसायला आलेली पब्लिक. सोफ्यांवर निम्मे लोक आलेले नसतात. जे असतात ते हसण्याआधी शेजारच्या साहेबांचा चेहरा बघतात. त्यात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं. कलाकाराच्या हातात माइक येईपर्यंत लहान मुलं घरी चला म्हणून रडायला लागलेली असतात.

म्हणून गोल्फ क्लबचं मोठं मैदान नको. प्रमोद महाजन उद्यानासारख्या ठिकाणचा एखादा कोपरा धरा, गुडघ्याएवढं स्टेज करा, सतरंज्या अंथरा. बेसचे खोके आणूच नका, बोलण्याला त्यांचा उपयोग शून्य. एका जागी भिंत रचण्यापेक्षा छोटे स्पीकर दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर, कमी आवाजात लावा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे आयोजकांपेक्षा आम्हालाच जास्त पाठ असतं, कारण जप्ती आमच्या सामानाची होते. संध्याकाळी पाचला सुरू करून आठला आवरलं तर शेजारपाजारचीही तक्रार येणार नाही.

आणि हो, 'संहिता आधी दाखवा' हा आग्रह कुणी धरू नये. तमाशातला सोंगाड्या गावच्या पाटलाला समोर बसवून त्याचीच फिरकी घेत आला. आपले नगरसेवक त्या पाटलांपेक्षा हळवे असतील असं मला वाटत नाही.

महोत्सव ठरलाच तर पहिल्या वर्षी साउंडचं भाडं मी घेणार नाही. जनरेटरचं डिझेल तेवढं आयोजकांनी भरावं.

— एक मंडप-साउंड व्यावसायिक, पंचवटी, नाशिक