पैशांवर लिहू लागलेल्या सभासदांसाठी सूचना

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. घरखर्च, कर्ज, विमा, ठेवी यांवर नव्याने लिहिणाऱ्यांनी एक पानभर मजकूर आणावा. ‘बचतीचे महत्त्व’ असे विषय कृपया नकोत. अंबडच्या कारखान्यातल्या कामगाराचा पगार कर्जाच्या हप्त्यांत कसा वाटला जातो, लासलगावला कांदा विकून आलेले पैसे पुढच्या पिकापर्यंत कसे पुरवायचे, हे लिहा. मागच्या खेपेला एका ताईंनी सासूबाईंची भिशीची वही आणली होती, पानांवर हळदीची बोटे उमटलेली. त्यावरचा लेख मला आजवरचा सर्वांत चांगला वाटला.

आकडा मूळ नियमातून तपासूनच लिहा. बँक बुडाली तर ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज धरून ५ लाखांपर्यंत मिळते. २०२० पूर्वी ते १ लाख होते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. आपल्याकडे कितीतरी निवृत्तांची पुंजी पतसंस्थांत आहे, म्हणून ही ओळ गाळू नका.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी नसताना ‘अमुक शेअर घ्या’ असे कुणीही लिहू नये.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे.