दिलीप, वहिनींसाठी टॅबलेट घेऊ नकोस

कराड,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी ‘सांगतो’ म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांत उरकण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. तू म्हणालास, “शोभाला टॅबलेटच घेऊन टाकतो. लॅपटॉप तिला कुठं जमणार? बोटानं दाबायचं काम सोपं.” त्यातलं ‘तिला कुठं जमणार’ एवढं माझ्या डोक्यातून जाईना. हेच वाक्य मी माझ्या बायकोबद्दल, सुनंदाबद्दल बोललो होतो, आणि त्यापायी तिची दोन वर्षं वाया घालवली.

आमचा मुलगा हर्षद पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याचा कॉलेजातला लॅपटॉप इथंच ठेवून गेला. कंपनीनं त्याला नवा दिला होता. मी जुना पुसूनबिसून सुनंदाच्या शिवणाच्या खोलीत, कटिंगच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, बायका मोबाइलवर ब्लाऊजचे फोटो पाठवतात, ते आता मोठ्या पडद्यावर बघ. तिनं दोन-चार दिवस उघडला. मग तो टेबलाखाली गेला आणि त्याच्यावर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा बसला. हिला यातलं कळत नाही असं मी धरून चाललो. एकदा तर हर्षदसमोर तसं बोललोही. ती काही बोलली नाही, बॉबिन भरत राहिली.

डोळे उघडले ते २०२४ च्या दिवाळीआधी. ऐन कामाच्या गर्दीत तिचं मशीन धागा तोडायला लागलं. मिस्त्री दोन दिवस येणार नव्हता. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं पट्टी सरकवली, बॉबिन केस काढली, शटलमध्ये अडकलेला धाग्याचा गुंता चिमट्यानं ओढून काढला, जुन्या टूथब्रशनं आतली कापसाची भुकटी झाडली, दोन थेंब तेल सोडलं. मग चिंधीवर टीप मारून ती उजेडाकडे धरली. खालचा धागा वर डोकावत होता. तिनं वरच्या धाग्याचं टेन्शन अर्धा पेच सैल केलं, पुन्हा टीप मारली, पुन्हा बघितली. तिसऱ्या वेळी टीप दोन्ही बाजूंनी सारखी आली आणि ती काही झालंच नाही अशी कामाला लागली. दिलीप, बिघाड शोधायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर तपासायचं, याला तंत्र नाही तर काय म्हणायचं? ज्या बाईला हे येतं तिला मी यातलं कळत नाही म्हणत होतो.

त्या रात्री मी तो लॅपटॉप टेबलाखालून काढला आणि तिच्या जागेवर, तिच्या स्टुलावर बसून चालू केला. उघडताना नाव माझं आलं. पासवर्ड माझा, आणि तो माझ्या डायरीत. म्हणजे दर वेळी उघडायचा तर तिनं मला हाक मारायची. दहा मिनिटांत तो तापून आपोआप बंद पडला. पंख्याच्या जाळीत कापडाचा बारीक कचरा गच्च बसला होता. कात्री चालते त्या टेबलावर आत हवा ओढणारं यंत्र ठेवलं तर दुसरं काय होणार? त्यात टेबलभर कापड पसरलेलं, हाताला खडू, गळ्यात टेप. गिऱ्हाईक समोर उभं, आणि पडद्याची पाठ त्या गिऱ्हाइकाकडे. वस्तू तिथं चालणारीच नव्हती आणि दोष मी तिला दिला.

मग आठवडाभर मी एकच केलं. ती मोबाइलवर काय करते आणि कुठं अडते ते नुसतं बघितलं. लिहिणं जवळपास नव्हतंच. सगळं बघणं आणि दाखवणं. मागच्या गळ्याची नक्षी मोठी करून बघायची, प्रिन्सेस कटचा व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचा, बाहीचे चार नमुने गिऱ्हाइकापुढे धरायचे. अडत होतं ते सहा इंचांच्या पडद्यावर, चाळिशीचा चष्मा वर-खाली करण्यात. एवढं कळल्यावर निवड करायला काही उरलंच नाही. अकरा इंची टॅबलेट घेतला, उभा राहणारं कव्हर घेतलं, एकवीस हजारांच्या आत काम झालं. वजन अर्धा किलोसुद्धा नाही, पंखा नाही, त्यामुळे कचरा ओढायचा प्रश्नच मिटला.

दुसऱ्याच आठवड्यात मी दुकानातून लवकर घरी आलो होतो. एक मुलगी लग्नाचा ब्लाऊज टाकायला आली होती. सुनंदानं फोटो दोन बोटांनी मोठा केला, टॅबलेट अलगद तिच्याकडे फिरवला आणि खडूचं बोट थेट गळ्याच्या तळाशी टेकवलं. म्हणाली, “यात नऊ इंच खोल आहे. तुझ्या उंचीला आठ घे, खांदा उतरणार नाही.” मुलीनं स्वतः बोटानं पुढचे फोटो सरकवले आणि दोघी एका पडद्यावर वाकून बोलत बसल्या. काचेवर उठलेला खडूचा ठिपका सुनंदानं पदरानं पुसला. तो टॅबलेट त्या क्षणी टेप आणि कात्रीसारखाच तिच्या सामानातला झाला होता.

एक गोष्ट मात्र तिची तिनं शोधली. गूगलच्या कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. मराठीला ही सोय २०१७ पासून आहे. मी कधी वापरली नव्हती. ती माप घेताना बोलत जाते, “छाती छत्तीस, कंबर तीस, शोल्डर चौदा.” मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईचं, नाव बऱ्याचदा मुंडा असं उमटतं, ते ती नंतर दुरुस्त करते. मापाची वही तिनं सोडलेली नाही आणि मीही ‘वही बंद कर’ असं एकदाही म्हटलं नाही. अठरा वर्षांची मापं आहेत त्यात. कुणाची कंबर कधी वाढली हेसुद्धा.

त्रासही सांगतो, नाहीतर तुला सगळं गोड वाटेल. मी सिमशिवायचा, नुसत्या वायफायचा घेतला. घराबाहेर तिला मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा लागतो. यूपीआय त्याच्यावर चालू होत नाही, कारण बँकेशी जोडलेलं सिम त्याच यंत्रात असावं लागतं आणि नोंदणीचा एसएमएस त्यातूनच जातो. मला ते उलट बरं वाटलं. पैसे मोबाइलवर, चित्रं टॅबलेटवर. व्हॉट्सअ‍ॅप जोडता येतं, पण मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते. आणि लिहिण्याचं काम निघालं की टॅबलेट उणा पडतो. शिलाईच्या दरांचा पानभर तक्ता करायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. काचेवर बोट नेमकं पडत नाही, रकाना हलतो, अर्धा पडदा कीबोर्डच खातो.

आता वहिनींकडे येतो.

वहिनी काय करतात ते तूच मला वर्षानुवर्षं सांगत आलास. उमेद या सरकारी अभियानातल्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचतगटांच्या संघाच्या लिपिका, चौदा गटांचा हिशोब त्यांच्याकडे. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, व्याज, प्रत्येक गटाचं महिन्याचं पान, बैठकीचं इतिवृत्त, बँकेकडे जाणारा कर्जाचा प्रस्ताव. बचतगटांच्या पाच नियमांच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशोब लेखन, आणि ते चौदा गटांचं त्या एकट्या ओढतात, तेही रात्री स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर मोठी वही उघडून. यातलं कुठलं काम बघण्याचं आहे? सगळं लिहिण्याचं, आकडे मांडण्याचं, बेरीज जुळवण्याचं आणि छापण्याचं. त्या बाईच्या हातात टॅबलेट देणं म्हणजे सुनंदाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवण्यासारखंच. मी केलं ते तू उलट्या बाजूनं करायला निघालायस.

आणि ‘कुठं जमणार’ म्हणतोस? तुमच्या लग्नाआधी वहिनींनी सरकारी मराठी टायपिंगची परीक्षा पास केली होती ना? मिनिटाला तीस शब्दांची. आपण दोघं तेव्हा टायपिंगच्या क्लासच्या खिडकीबाहेर सायकलींना टेकून उभे असायचो. ती बोटं विसरलेली नाहीत. फक्त एक काळजी घे. विंडोजमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक हे कीबोर्ड मिळतात. वहिनी शिकल्या त्या टाइपरायटरची मांडणी रेमिंग्टनची. ती वेगळी बसवून घ्यावी लागते. दुकानातून निघायच्या आत बसवून घे आणि वहिनींना तिथंच दोन ओळी टाइप करून बघू दे. ‘क’ कुठं आहे ते शोधत बसायला लागलं तर त्यांचा पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. टाइप होतंय ते युनिकोडमध्ये होतंय ना, हेही विचार. जुन्या फाँटमध्ये केलेलं काम दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांची खिचडी दिसते आणि बँकेतला माणूस कागद परत पाठवतो.

पडदा १५.६ इंची घे. त्या आकारात बऱ्याच लॅपटॉपना उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो. तो आहे ना ते बघूनच घे. आकड्यांचं काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते. रॅम आठ जीबीच्या खाली नको, एसएसडी हवीच. वर चारशे रुपयांचा माउस घे, टचपॅडवर त्यांना झगडायला लावू नकोस. दुकानदार ‘टॅबलेटवर पण एक्सेल चालतं’ म्हणेल. चालतं, पण १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर काही बदल करायचा म्हटला की वर्गणी मागतं. लॅपटॉपवर लिब्रेऑफिस हे एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चौदा गटांच्या हिशोबाला ते पुरून उरतं.

आणि निखिलचा जुना लॅपटॉप घरात पडून आहे म्हणालास, तो देऊन भागवायचं मनातही आणू नकोस. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तेवढ्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ रीतसर बसत नाही. चौदा गटांतल्या बायकांच्या पैशाचा हिशोब त्यावर ठेवणं बरोबर नाही. पण समजा ते यंत्र ठणठणीत असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. पोरानं टाकलेलं, नवऱ्यानं पुसून दिलेलं, अशा वस्तूवर बाई हक्कानं बसत नाही. दुकानात त्यांना घेऊन जा. कळा त्यांना दाबून बघू देत, रंग त्यांना ठरवू दे, बिलावर नाव त्यांचं टाक. खातं त्यांच्या नावानं उघड, पासवर्ड त्यांनी ठरवावा आणि तो तुला माहीत नसला तरी चालेल. एका कागदावर लिहून त्यांनी त्यांच्या कपाटात ठेवला म्हणजे झालं.

शिकवायला बसशील तेव्हा माउस त्यांच्या हातातून घेऊ नकोस. हे मी सुनंदाच्या बाबतीत फार केलं. तिचा हात जरा थांबला की मी पुढे होऊन करून टाकायचो आणि तिला पुढच्या वेळी पुन्हा तेच अडायचं. हात पाठीमागे बांधून बस आणि तोंडानं सांग. पहिला महिना वही आणि लॅपटॉप दोन्हीकडे लिहू देत. बेरजा जुळायला लागल्या की वहीचं काय करायचं ते त्या ठरवतील. दर शनिवारी पेनड्राइव्हवर एक प्रत काढायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लाव.

फसवणुकीचंही एकदा शांतपणे बोलून घे. कुणी फोन करून ‘बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका, पडदा दाखवा’ म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाजायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी भीतीपोटी चार दिवस घरात सांगितलं नाही, आणि पैसे त्याच चार दिवसांत हातचे गेले. वहिनींना तू रागावणार नाहीस हे त्यांना आधीच माहीत असू दे.

खर्च टॅबलेटच्या दुप्पट होईल, मला कल्पना आहे. उसाचं बिल अजून आलेलं नाही म्हणालास. कमी पडले तर मला सांग, संकोच करू नकोस. पण पैशापायी आत्ता टॅबलेट घेऊन ठेवू नकोस. त्यापेक्षा दोन महिने थांब.

लॅपटॉप आला की वहिनींनी टाइप केलेलं पहिलं पत्र मला येऊ दे, तुझ्या हस्ताक्षरातलं नको. सुनंदा शेजारीच बसलीय. ती म्हणतेय, शोभावहिनींचं तिच्या वहीतलं माप २०१९ चं आहे. निखिलच्या साखरपुड्याचे ब्लाऊज शिवायचे तर नवं माप लागेल, आणि मुंढा नीट मोजून पाठवा.

तुझा,
अविनाश